पॅनेल शाबूत आहे ना?

मे महिन्यातल्या एका वळवानं आमचा टीव्ही बंद पाडला. घरावर वीज पडली नव्हती. पलीकडच्या टेकाडावर कुठंतरी कडाडली, दिवे क्षणभर भगभगले आणि गेले. रात्री उशिरा लाईट आली तेव्हा फ्रीज सुरू झाला, पंखा फिरला, टीव्हीचा लाल दिवा मात्र लागेना. टीव्हीचं बटण बंद होतं, तरीही. शेजारी ठेवलेला फ्री डिशचा बॉक्सही गेला होता.

मुलगा पिंपरीला असतो. त्याला फोनवर सांगितलं तर त्याचा निकाल तयारच होता. "बाबा, सात वर्षं चालला, पैसे फिटले. आता 43 इंची स्मार्ट घ्या." 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आलाय, हेही त्यानं ऐकवलं. त्याचं चुकत नव्हतं, पण त्याचा हिशेब पिंपरीचा होता. आमच्या वाडीत मोबाईलची रेंज अंगणातल्या आंब्याखाली मिळते, घरात नाही. तिथं स्मार्ट टीव्ही आणून त्यातलं स्मार्ट काय वापरायचं? आईचं म्हणणं तर आणखी सरळ. "बातम्या आन् मालिका दिसल्या की झालं. ह्या रिमोटची बटनं मला पाठ हायती. नवीन कोण शिकवणार?"

कंपनीच्या नंबरवर फोन केला. माणूस कोल्हापूरहून येणार, त्याचे वेगळे पैसे, आणि बोर्ड मिळेल याची खात्री नाही. मॉडेल जुनं आहे, त्यापेक्षा नवीन का घेत नाही, असंही फोनवरच्या माणसानं गोड आवाजात विचारलं. मग टीव्ही गोधडीत गुंडाळला, शेजाऱ्याच्या गाडीत घातला आणि मलकापुरात दुरुस्तीवाल्या पोराकडं नेला. हल्ली असं पोरगं सापडणं हीच मोठी गोष्ट. डबा टीव्हीच्या काळात बाजाराच्या गावी दोन-तीन तरी दुकानं असायची, बाहेर उघड्या ट्यूबा मांडलेल्या. आता त्यातले बरेच जण मोबाईलच्या काचा बदलतात.

त्यानं आधी बॅटरीच्या उजेडात पडदा तिरका धरून चारी कोपरे नीट पाहिले. "पॅनेल शाबूत आहे ना, ते बघतोय," तो म्हणाला. "काका, पॅनेल गेलं असतं तर मीच तुम्हाला नवीन घ्या म्हटलं असतं. पॅनेलची किंमत म्हणजे टीव्हीचीच किंमत." पूर्वी पिक्चर ट्यूब गेली की असंच म्हणायचे, ते आठवलं. बाकी सगळं बदलता येतं. वीजपुरवठ्याचा बोर्ड, मुख्य बोर्ड, मागचे दिवे, प्रत्येकाला पर्याय असतो.

मागचं झाकण काढल्यावर दुखणं समोरच दिसलं. बोर्डाच्या तोंडाशीच फ्यूज उडालेला आणि त्याच्यालगतची निळी चकती, व्हेरिस्टर म्हणतात तिला, फुटून काळी पडलेली. दाब अचानक वाढला की तो स्वतःवर घ्यायचा आणि पुढचं वाचवायचं, एवढ्यासाठीच ती तिथं बसवलेली असते. तिनं काम चोख केलं होतं. दोन्ही बदलून, आणखी एक-दोन पार्ट घालून त्यानं सातशे रुपये सांगितले. लाल दिवा लागला. रंगीत वायरी जोडून बघितलं तर आवाजही आला.

चित्र मात्र नाही.

खरा पेच इथं पडला. त्यानं काळ्या पडद्यावर टॉर्च अगदी जवळ धरली, तर आत अंधुक माणसं हलताना दिसत होती. म्हणजे चित्र तयार होत होतं, त्याच्या मागचा उजेड गेला होता. एलईडीच्या पट्ट्यांवर दिवे दिवाळीच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात. एक जळला की सगळी पट्टी विझते. "हा विजेनं गेला की वयानं, सांगता येत नाही," तो म्हणाला. एकच दिवा बदलून देतोस का, असं विचारल्यावर त्यानं साफ नकार दिला. बाकीचे दिवेही तेवढेच जुने, महिन्याभरात दुसरा जाणार, मग शिव्या मला, असं त्याचं म्हणणं. बदलायचा तर पूर्ण संच. शिवाय पट्ट्यांपर्यंत पोचायला पॅनेल उचलावं लागतं, त्यात ते तडकलं तर जबाबदारी माझी नाही, हे त्यानं आधीच सांगून टाकलं.

तिथल्या स्टुलावर बसून मी आकडे मांडले. पट्ट्या, मजुरी, आधीचे सातशे धरून चोवीसशे. नवा 32 इंची बारा हजारांच्या आसपास, जुन्याचे एक्स्चेंजमध्ये हजार. त्यात घाटरस्त्यानं आणायची धाकधूक आणि भिंतीवर टांगायला माणूस कधी येईल त्याची वाट. माझी मर्यादा मी मनाशी आधीच ठरवली होती, नव्याच्या एक तृतीयांशापर्यंत खर्च करायचा. पडद्यावर उभ्या रेघा आल्या असत्या किंवा कोपरा फुटला असता तर मी एक रुपयाही घातला नसता. भंगारवाल्याला तो दोन-तीनशेत गेला असता आणि तांब्यासाठी वायरी कुठंतरी जळाल्या असत्या. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेत, पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे. आमच्या वाडीत येतो तो अजून हातगाडीवालाच.

"घाल पट्ट्या," मी म्हटलं.

रबरी चूषकांनी त्यानं पॅनेल उचललं तेव्हा मी बाहेर जाऊन चहा प्यायलो, बघवेना. आत आलो तेव्हा पडदा उजळला होता, पूर्वीपेक्षा पांढरा. मेन्यूतला बॅकलाइट शंभरावरून साठावर आणून तो म्हणाला, एवढाच ठेवा, दिवे जास्त टिकतात. नुसता ब्राइटनेस कमी करून दिव्यांवरचा भार कमी होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. डिशच्या बॉक्सची दुरुस्ती परवडण्यासारखी नव्हती, तो नवाच घेतला. आईचं सह्याद्री सुरू झालं.

बॉक्स कसा गेला हे त्यानं जाताना सांगितलं, ते घराघरांत कळायला हवं. छपरावरच्या डिशची केबलसुद्धा विजेला आत यायची वाट देते, आणि बॉक्समधून ती टीव्हीपर्यंत पोचते. म्हणून वळवाच्या दिवसांत आभाळ भरून आलं की, गडगडायला लागायच्या आधीच, बटणावर विसंबू नका. टीव्ही-बॉक्सचे प्लग काढा आणि डिशची केबलही बॉक्समधून सोडवून बाजूला ठेवा.