हेल्मेट आधी, सायकल नंतर

माझ्या पहिल्या ट्रायथलॉनमध्ये मी हेल्मेट घालून पळालो.

म्हणजे झालं असं, सायकलिंग संपलं, सायकल रॅकला लावली, बूट बदलले आणि सुटलो. दीडेकशे मीटर गेल्यावर एका व्हॉलंटियर मुलीने अत्यंत नम्रपणे विचारलं, "सर, हेल्मेट?" परत गेलो, काढून ठेवलं, परत आलो. ती तोवर हसणं आवरून उभी होती.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पोहायचं, मग सायकल, मग धावायचं, सलग. ऑलिंपिकमध्ये हा खेळ २००० साली सिडनीला आला. तिथलं अंतर १५०० मीटर, ४० किलोमीटर आणि १० किलोमीटर. आम्हा हौशी मंडळींची स्प्रिंट बरोब्बर त्याच्या निम्मी: ७५० मीटर, २० आणि ५. गंमत अशी की कपडे-बूट बदलताना घड्याळ थांबत नाही. पोहण्यातून सायकलवर जाणं म्हणजे टी-वन, सायकलवरून धावण्यावर येणं म्हणजे टी-टू. यालाच लोक 'चौथा खेळ' म्हणतात.

या चौथ्या खेळात मी सपशेल नापास झालो होतो. टी-वन ६ मिनिटं ४० सेकंद, टी-टू ३ मिनिटं ५० सेकंद. यातला बराच वेळ ओल्या पायात मोजा घालण्यात गेला. (करून बघा एकदा. अर्ध्यात अडकतो आणि पुढेही जात नाही, मागेही येत नाही.) त्या चिखलात बसून, हातात मोजा धरून, 'आपल्याला कोणी सांगितलं होतं हे?' असा प्रश्न पडला होता.

आता थोडं गणित. साडेदहा मिनिटांतली फक्त ३ मिनिटं वाचवली, तरी ५ किलोमीटरमध्ये ती दर किलोमीटरला ३६ सेकंद होतात. तेवढं जोरात धावायला मला कित्येक महिने लागतील. मोजा मात्र पार्किंगमध्येही घालता येतो!

म्हणून पार्किंगमध्ये सराव सुरू केला. रविवारी सकाळी अंगावर बादली ओतायची, ओल्या अंगाने पळत सायकलपाशी यायचं, हेल्मेट, बूट, सायकल ढकलत गेटपर्यंत. वॉचमनने पहिल्या दिवशी काळजीने विचारलं, नंतर सोडून दिलं.

आणि तिथे बाबा आले.

बाबा एसटीत कंडक्टर होते, कराड डेपोला. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले आणि आम्ही त्यांना आणि आईला पुण्याला आणलं. आई दोन महिन्यांत सोसायटीच्या भजनी मंडळात रमली. बाबा नाही. अजूनही पहाटे चारला उठायचे, दाढी करून, कपडे करून गॅलरीत बसायचे. पहिल्या गाडीची वेळ व्हायची आणि टळून जायची. "बाबा, झोपा की जरा," म्हटलं तर "हं" एवढंच. माझ्या ट्रायथलॉनबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं होतं: "पैसे भरून पळायचं?"

त्या रविवारी ते खाली आले, माझा पसारा पाहिला आणि म्हणाले, "हे असं का मांडलंयस?"

"असंच."

"पहिल्यांदा हात कशाला लागतो?"

"हेल्मेटला." नियमच आहे, हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही. नाहीतर पेनल्टी.

"मग ते टॉवेलखाली कशाला?"

ते खाली बसले आणि सगळं पुन्हा मांडलं. हेल्मेट हँडलवर उलटं, पट्टे बाहेर मोकळे, गॉगल त्याच्या आत. सायकलचे बूट पुढे, धावण्याचे मागे, त्यांच्यावर नंबरचा पट्टा आणि टोपी. हातमोजे उचलून बाजूला ठेवले. "हे कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. मोजेही गेले, त्याऐवजी बुटात पावडर आली. नाड्यांच्या जागी मी इलॅस्टिक घातलं.

"भरलेल्या गाडीत, अंधारात, तिकीट बघून काढत नसतात," बाबा म्हणाले. "हाताला जागा पाठ पाहिजे. बघायला लागलं की उशीर झालाच."

इतकी वर्षं ड्यूटीच्या आदल्या रात्री ते तिकिटं, सुट्टे पैसे, वेबिल एका ठरलेल्या क्रमाने लावून ठेवायचे. लहानपणी त्या पेटीला हात लावला म्हणून मी मारही खाल्लाय. का, ते मला एकोणतिसाव्या वर्षी पार्किंगमध्ये कळलं.

मग पुढचे आठ रविवार बाबा स्टॉपवॉच घेऊन उभे. रेसच्या दिवशी सकाळी तर मला हाताला धरून तलावापासून रॅकपर्यंत दोनदा चालवलं. "डावीकडून तिसरी रांग, कडेपासून सातवी सायकल. म्हण." मी म्हटलं.

पाण्यातून बाहेर आलो तेव्हा गरगरलं. आडवं शरीर एकदम उभं झालं की असं होतंच, म्हणून शेवटचे ५० मीटर पाय जरा जोरात मारले होते. तिसरी रांग, सातवी. हेल्मेट, पट्टा, मग सायकल. टी-टूला पाय पोहे भिजावेत तसे झाले होते, पण सायकलनंतर लगेच धावण्याचा सराव केला होता, त्यामुळे हे एक किलोमीटरात जाणार हे माहीत होतं. आणि हो, हेल्मेट काढलं!

टी-वन २:३५, टी-टू १:२५. साडेदहाची चार मिनिटं.

बाकी नंबर वगैरे सांगण्यासारखा नाही. असो.

परत येताना गाडीत बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "टी-टूला चष्मा काढलास. दोन सेकंद गेले. तो राहू देत जा." थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, "पुढची कधी आहे?"

ते अजून चारलाच उठतात. पण आता रविवारी गॅलरीत बसत नाहीत. मला उठवतात.