पावलांची साक्ष

दिवाणी दाव्यात नकाशा पुराव्यादाखल येतो. पण बांधाचा वाद खरा उलगडतो तो बांधावरून चालल्यावर. वादग्रस्त जागा स्वतः पाहण्याची मुभा 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने न्यायाधीशाला दिली आहे, ती उगीच नव्हे. अंतराच्या बाबतीत नुसते डोळे हे कच्चे साक्षीदार होत.

गुलबर्ग्याच्या (आजच्या कलबुर्गीच्या) किल्ल्यातील जामा मशीद 1367 सालची. तिला उघडे प्रांगण नाही, सारे छताखाली. कडेच्या ओवरीच्या टोकाशी उभे राहिले की त्या रुंद, बुटक्या कमानी एकीवर एक डकवलेल्या चित्रासारख्या दिसतात. चालू लागावे, तर जवळच्या कमानी झरझर मागे सरतात, लांबच्या रेंगाळतात आणि चित्राला खोली येते.

हेल्ड आणि हाइन या संशोधकांनी 1963 साली अंधारात वाढविलेल्या मांजरांच्या पिलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. जोडीतले एक पिलू चाले. दुसरे त्याच्याच गतीने पाळण्यातून फिरे. दिसे दोघांना सारखेच. पण पाळण्यातल्याला कडेची खोली ओळखता येईना. मोकळे सोडल्यावर मात्र तेही शिकले.

आळंदकडील एका वृद्ध अशिलाला आम्ही स्थळपाहणीसाठी जीपमधून नेले होते. ज्या हद्दीच्या दगडावर त्याची दोन एकर जमीन अवलंबून होती, तो त्यालाच सापडेना. नकाशा त्याने उलटासुलटा केला, गाडीतूनच इकडेतिकडे बोट दाखविले. अखेर तो खाली उतरला, वहाणा काढल्या आणि विहिरीपासून पावले टाकीत निघाला. मध्येच एका घाणेरीच्या जाळीपाशी थांबून म्हणाला, “हितं हाय बघा, वकीलसायेब.”