स्वस्त पेनाची पारख

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. "मावशी, शंभर रुपयांच्या आत शाईचं बरं पेन मिळतं का गं? की नुसती हौस म्हणायची?" तिच्या लेकाला पाचवीत शाईच्या पेनाने लिहायला सांगितलंय. फोनवर दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण समाधान झालं नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

प्रश्न दिसतो तेवढा साधा नाही. महागडं पेन बिघडलं तर आपण दुकानदाराला जाब विचारतो. स्वस्त पेन बिघडलं तर बोल पोराला लागतो. वर्गात वर्षानुवर्षं पाहिलंय हे. पेन पाझरून सदऱ्याचा खिसा निळा झाला की पोरगं 'गबाळं'. निब कागद खरवडते म्हणून ते दाबून लिहितं, अक्षर बिघडतं, की 'याचं लक्षच नाही'. आणि हे ऐकून घ्यावं लागतं ते नेमकं त्याला, ज्याच्या घरी दुसरं पेन आणायची ऐपत नाही. म्हणून मला वाटतं, महागड्या पेनापेक्षा स्वस्त पेनाची पारख जास्त काळजीने करावी.

आधी किमतीचं बघू. निब (आमच्या वर्गातली पोरं 'निप' म्हणायची) सोन्याची असो की पोलादाची, कागदाला टेकतो तो टोकावरचा इवलासा मणी. तो दोन्हींत वेगळ्या, कठीण धातूचा असतो. सोनं मऊ, नुसत्या सोन्याचं टोक कागदावर घासून झिजून जाईल. म्हणजे सोन्याचे जादा पैसे पडतात ते थोड्या लवचिकपणाचे आणि बऱ्याचशा मानाचे. शाळकरी अक्षराला पोलादी निब पुरते.

स्वस्त पेनात खोट निघते ती घडणीत. म्हणून दुकानात जाताना भिंग न्यावं. दुकानदार हसेल, हसू द्यावं. मणी चिरेने बरोबर मधोमध दुभागलेला हवा आणि दोन्ही अर्धं एका पातळीत हवीत. एक वर, एक खाली असेल तर निब खरवडणारच. मग निबेखालची काळी जीभ बघावी. तिच्यातल्या बारीक खाचेतून शाई खाली येते आणि तेवढीच हवा वर जाते. हवा आत गेली नाही तर शाई अडते. जीभ निबेला चिकटून हवी. मध्ये फट राहिली की अक्षर तुटतं. टोपण घट्ट बसतंय ना, तेही बघावं. सैल टोपणात रात्रीतून शाई वाळते, आणि आमच्या खटाव-माणच्या कोरड्या उन्हाळ्यात तर दुपारपर्यंतच!

लिहून बघायचं ते दुकानदाराच्या गुळगुळीत कागदावर नव्हे. पोराची वही सोबत न्यावी. वहीचा कागद हलका असेल तर चांगल्या पेनाचीही शाई फुटते, आणि दोष मात्र पेनाला मिळतो. लिहायचं काय? नुसत्या रेघोट्या ओढू नयेत. 'श्री' लिहावं, 'ज्ञ' लिहावं, 'ळ' लिहावा. 'ज्ञ'ची गाठ शाईने बुजली तर निब आपल्या लिपीला जाड आहे. 'ळ'ची दोन्ही वेटोळी न अडखळता झाली पाहिजेत. बोरूचं टोक तिरकं कापलेलं, म्हणून त्यात जाड-बारीक वळण आपोआप यायचं. या गोल मण्याकडून ती अपेक्षा नको. रेघ एकसारखी आली तरी पुष्कळ.

घरी आणल्यावर पेन साध्या पाण्याने धुवावं, पाण्यात साबणाचा एखादा थेंब चालेल. कारखान्यातलं तेल निबेवर राहिलेलं असतं, त्याने शाई धरत नाही. पुष्कळ जण इथेच पेन नापास करतात. ड्रॉपरने शाई भरायचं पेन असेल तर आणखी एक लक्षात ठेवावं. निम्मी शाई संपली की वरच्या जागेत हवा भरते. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला बाहेर ढकलते. पोरं म्हणतात पेन 'ओकलं'. ही पेनाची खोड नाही, हवेचा धर्म आहे. निम्म्यावर आलं की भरून घ्यावं, झालं!

थोडा हिशेबही सांगते, सवय जात नाही. साठ मिलिलिटरच्या दौतीत दोन मिलिलिटरच्या तीस भरण्या होतात. मला महिन्याला दोन लागतात, म्हणजे दौत सव्वा वर्ष चालते. तेवढ्यात दहा-दहा रुपयांची किती पेनं कचऱ्यात जातात ते घरोघरी मोजून बघा.

औंधात बसून स्वस्त, देशी वस्तूचा विषय निघाला की किर्लोस्करांचा नांगर आठवतोच. लक्ष्मणरावांनी बेळगावात लोखंडी नांगर केला तेव्हा शेतकरी त्याला हात लावेनात. लोखंडाने जमीन नासते असा समज! पुढे १९१० साली आमच्या औंध संस्थानाने त्यांना कुंडलजवळचा माळ दिला आणि किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर खपला तो रानात चालवून पाहिल्यावर. शाईचंही तसंच. १९३१ साली दांडेकर बंधूंनी मुंबईत घोडा छाप शाई सुरू केली, तिचीच पुढे कॅमलिन झाली. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी देशी पेन करून गांधीजींना दिलं. १९३५ साली गांधीजींनी त्यांना पत्र लिहून पसंती कळवली, पण आधी ते पेन स्वतः वापरून. देशी आहे म्हणून डोळे झाकून वाखाणायचं नाही आणि स्वस्त आहे म्हणून नाक मुरडायचं नाही, हा धडा मला त्यात दिसतो.

या वर्षी गावातल्या मुलांना बक्षीस द्यायला मी वीस पेनं घेतली, सगळी शंभराच्या आतली. प्रत्येकात शाई भरून एकेक ओळ लिहून बघितली. सतरा सरळ चालली. दोन धुतल्यावर सुधारली. एकाचा मणीच वाकडा होता, ते दुकानदाराने बदलून दिलं. एक अख्खी दुपार गेली आणि बोटं निळी झाली. पण या वीसांतल्या कुणाला निदान पेनापायी तरी 'गबाळा' ऐकावं लागणार नाही.