टप्पे, झोन आणि दाजींचा हिशेब

विल्सडेन ग्रीन, लंडन
९ जून २०२५

तीर्थरूप ताईस,


काल सुखरूप पोचले. पाय थोडे सुजलेत, बाकी ठीक. दाजींनी निघताना बजावलं होतं, "खुशाली मागाहून कळव, आधी दिवसाला गाडीभाड्याचे किती धरायचे ते सांग." तेव्हा तेच आधी लिहिते. दर सगळे २०२५ चे.

हीथ्रोवरून शहरात यायला परवडतील अशा दोन गाड्या. पिकॅडिली लाइनने ५.८० पौंड, एलिझाबेथ लाइनने १३.९०. दुसरी लवकर पोचवते, पण आपल्याला कुठे ड्युटीवर हजर व्हायचंय? मी पिकॅडिलीनेच आले. ग्रीन पार्कला गाडी बदलली की थेट घराचं स्टेशन. तुम्ही दोघं याल तेव्हा तसेच या.

आज सकाळी बसमध्ये बसले. ताई, माझा जन्म एस.टी.च्या डेपोत वेबिलं तपासण्यात गेला. सहा किलोमीटरचा एक टप्पा, टप्प्याला इतकं भाडं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. इथल्या बसला टप्पाच नाही! पुढच्या स्टॉपला उतरा नाहीतर शेवटच्या स्टॉपपर्यंत जा, १.७५ पौंड. आपले दोनशे रुपये. शिवाय पहिल्या बसमध्ये चढल्यापासून तासाभरात दुसरी धरली, तिसरी धरली, तरी पुन्हा पैसे कापत नाहीत. इथल्या हाय रोडवरून ९८ नंबर मिळते, ती मार्बल आर्चवरून ऑक्सफर्ड स्ट्रीटला नेते. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली तर तेवढ्या पैशांत अर्धं लंडन दिसतं.

कंडक्टर नाही. कंडक्टरवाल्या जुन्या रूटमास्टर गाड्या २००५ च्या डिसेंबरातच नेहमीच्या मार्गांवरून गेल्या, आणि २०१४ पासून बसमध्ये रोख पैसेही चालत नाहीत. चढताना ड्रायव्हरजवळच्या यंत्राला कार्ड टेकवायचं. उतरताना टेकवायचं नाही. तिकीट हातात येत नाही, हे मला काही केल्या रुचत नाही.

तुझी,
सुमन

१२ जून

ती. ताईस,
सा. न.

आता मेट्रोचं सांगते. इथे तिला ट्यूब म्हणतात. तिथे भाडं किलोमीटरवर नाही, झोनवर आहे. शहराच्या मध्याला झोन १, त्याभोवती २, मग ३, अशी बाहेर बाहेर जाणारी वर्तुळं. किती वर्तुळं ओलांडली त्यावर भाडं, आणि झोन १ ला हात लावला की ते चढतं. आपलं विल्सडेन ग्रीन २ आणि ३ च्या बरोबर हद्दीवर आहे. अशा स्टेशनाला जो झोन प्रवाशाला स्वस्त पडेल तोच धरतात. टप्प्याच्या हद्दीवरून आपल्याकडे प्रवासी आणि कंडक्टरची किती भांडणं निवारली मी! इथे नियमच प्रवाशाच्या बाजूचा.

दुसरा भाग घड्याळाचा. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि दुपारी चार ते सात ही गर्दीची वेळ. इथून झोन १ ला जायला सकाळच्या गर्दीत ३.५० पौंड, एरवी २.९०. तेव्हा दाजींना म्हणावं, चहा-आंघोळ आरामात उरका आणि साडेनऊनंतर घराबाहेर पडा.

काल बाबासाहेब आंबेडकरांचं घर पाहून आले. १० किंग हेन्रीज रोड. १९२१-२२ मध्ये इथे शिकत असताना ते तिथे राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ती वास्तू घेतली, आता तिथे संग्रहालय आहे. नकाशात सर्वांत जवळचं स्टेशन चॉक फार्म दिसतं, पण ट्यूबने तिथे जायचं तर वॉटर्लूला गाडी बदलावी लागते, म्हणजे झोन १ चं भाडं भरून उगाच वळसा. मी ज्युबिली लाइनने स्विस कॉटेजला उतरले आणि पुढे चालत गेले. झोन १ लागलाच नाही, भाडं बरंच कमी. चालवत नसेल तर तिथून ३१ नंबरची बस मिळते. रस्ता शांत, घर साधं, विटांचं. परदेशात काटकसरीने राहून शिकणाऱ्या माणसाच्या दारात मी भाड्याचे पेन्स वाचवून पोचले, याचं मला बरंच वाटलं.

ट्यूबमध्ये आत जाताना आणि बाहेर पडताना, दोन्ही वेळा कार्ड टेकवायचं. बाहेर पडताना राहिलं तर यंत्र सर्वांत चढं भाडं लावतं. आणि एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. दाजींना तुमच्या जॉइंट खात्याचं एकच कार्ड काढायची सवय, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

सुमन

१६ जून

ती. ताईस,
सा. न.

तुझा निरोप मिळाला. दाजी म्हणतात, "प्रत्येक प्रवासाचं भाडं लिहून पाठव, मी बेरीज करतो." तसं करायची गरज नाही, आणि का नाही ते सांगते.

इथे दिवसाच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे. झोन १ आणि २ मध्ये कितीही हिंडा, दिवसाला ८.९० पौंडांच्या वर कापत नाहीत. नुसत्या बसने फिरलात तर ५.२५, म्हणजे तीन फेऱ्यांचे पैसे, चौथीपासून फुकट. सोमवार ते रविवार अशी आठवड्याचीही मर्यादा आहे, ४४.७०. पाच दिवस रोजची मर्यादा गाठली की शनिवार-रविवार जवळजवळ फुकटात पडतो. हा सगळा हिशेब यंत्र करतं आणि दिवसाची एकच रक्कम बँकेत जाते. मी दोन दिवस वहीत मांडून पडताळला. पेनीचाही फरक नाही.

यात एक मेख आहे. आठवडा सोमवारीच सुरू होतो. तुम्ही गुरुवारी फिरायला लागून पुढच्या बुधवारी थांबलात, तर सात दिवसांचे दोन तुकडे होतात आणि आठवड्याची मर्यादा कुठल्याच तुकड्यात गाठली जात नाही. रोज भरपूर हिंडलात तर माणशी ६२.३० जातील. तेच सोमवार ते रविवार ४४.७०. दोघांचे मिळून चार हजार रुपये वाचतात. तेव्हा तिकीट काढताना रविवारी उतरेल असं विमान बघा. विमानाचं तिकीट त्यासाठी महाग मिळत असेल तर मात्र सोडून द्या, नाहीतर दाजी चार हजार वाचवायला दहा घालवतील.

सवलतीचं विचारलंस. तिकडे तू अर्ध्या तिकिटावर आणि दाजी पंचाहत्तरीपुढचे म्हणून एस.टी.त फुकट. इथेही साठीच्या पुढच्यांना सवलत आहे, पण ती लंडनच्या रहिवाशांना. पाहुण्यांना पूर्ण भाडं. मला ते अन्यायाचं वाटत नाही. ही मंडळी कर भरतात, आपण भरत नाही.

कार्डाचं असं, की परदेशी व्यवहारावर आपली बँक थोडे पैसे वर कापते. ते नको असेल तर इथलं ऑयस्टर कार्ड घेता येतं, पण त्या कार्डाचेच वेगळे पैसे पडतात. आठवड्यासाठी मला ते परवडणारं दिसत नाही. बँकेला विचारून घ्या. आणि एकदा कार्ड, एकदा फोन असं करू नका. खातं एकच असलं तरी यंत्र त्यांना दोन प्रवासी समजतं आणि मर्यादा तुटते.

तर दाजींसाठी आकडा. आठवड्याचे दोघांचे ८९.४०. हीथ्रोचं जाणं-येणं दोघांचं २३.२०. एकूण ११२.६० पौंड, पौंडाला ११५ रुपये धरले तर तेरा हजारांच्या आत. पण हे जास्तीत जास्त झालं. तुमच्या गुडघ्यांनी रोज दोनदा ट्यूब आणि एकदा बस एवढंच होणार. त्याचे ७.५५ होतात, म्हणजे रोजची मर्यादा गाठणारही नाही. क्यू गार्डन्स झोन २ च्या बाहेर आहे, त्याचे वेगळे धरा. डॉलिस हिलचं महाराष्ट्र मंडळही झोन ३ मध्ये, पण ते इथून पुढचंच स्टेशन, तिथे मी तुम्हाला बसने नेईन.

तेरा हजारांवर आणखी दोन हजार वेगळे ठेवायला सांग. ते टॅक्सीसाठी. दाजी लागणार नाहीत म्हणतील. तू तुझ्या पर्समध्ये ठेव.

तुझी,
सुमन