ग्राउंड आणि नडगी

शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे पाचला गाडी चालवायची वेळ आली तर जरा जपून चालवा. एक तर सीझनमध्ये उसाच्या ट्रॉल्या असतात, आणि दुसरं म्हणजे पोरं असतात. अंधारात, डांबराच्या कडेनं, मोबाईलवर स्टॉपवॉच लावून पळणारी. भीमेच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड, पण स्वप्न दोन्हीकडे एकच - भरती. दौंडात तर राज्य राखीव पोलीस दलाचे दोन गट आहेत, ५ आणि ७ नंबरचे. त्यामुळे वर्दी रोज डोळ्यासमोर.

आपण पुण्यात जिमची वर्षाची फी भरतो आणि जेमतेम आठवडाभर जातो. :) या पोरांना मात्र एकेका सेकंदाचे मार्क आहेत. पोलीस शिपायाची मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावणे (२० गुण), १०० मीटर (१५) आणि गोळाफेक (१५). मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर. राखीव दलाला जायचं असेल तर थेट ५ किलोमीटर. पोरं या सगळ्याला एकच शब्द वापरतात, 'ग्राउंड'. ग्राउंड निघालं तर पुढं लेखी.

माझा धाकटा चुलतभाऊ यातलाच. वय २६. खुल्या गटाला वयाची मर्यादा २८, म्हणजे हातात एखादी भरती, फार तर दोन. दिवाळीला गावी गेलो तर गडी जिना उतरताना एक पाय जपून टाकत होता.

"काय झालं रे?"

"काय नाय दादा, नडगी दुखतीय. आधी पळायला लागलं की पाच मिनटांत जायची. आता जात नाय."

आता इथे थोडं थांबू, कारण या एका वाक्यात अर्धं निदान आहे. अचानक पळणं वाढवलं, तेही डांबरावर आणि झिजलेल्या बुटांत, की नडगीच्या हाडाच्या आतल्या कडेला दुखायला लागतं. याला शिन स्प्लिंट म्हणतात. यातलं दुखणं पसरट असतं, चार-पाच बोटं रुंद. सुरुवातीला पळताना अंग गरम झालं की कमी होतं, म्हणून पोरं दुर्लक्ष करतात. पण तेच दुखणं पुढे एका बोटाखाली मावायला लागलं, चालताना आणि रात्री झोपेतही ठणकायला लागलं, तर हाडाला बारीक चीर गेल्याची शंका घ्यायची. ही स्ट्रेस फ्रॅक्चर. गंमत म्हणजे पहिले दोन-तीन आठवडे ती साध्या एक्स-रेत बहुधा दिसतच नाही. म्हणजे टेस्ट केस पास, आणि बग प्रॉडक्शनमध्ये तसाच!

त्याला म्हटलं, कुठं दुखतंय ते बोटानं दाखव. त्यानं एकच बोट ठेवलं, एकाच जागी.

घरात लगेच दोन पक्ष. चुलत्यांचं म्हणणं, तालमीतल्या वस्तादाकडून तेल लावून रगडून घे, दोन दिवसांत पळशील. आजीची आंबेहळद तयार होतीच. वस्तादांबद्दल मला आदर आहे, निखळलेला खांदा ओळखणारी नजर त्यांच्याकडे असते. पण चीर गेलेलं हाड रगडून सांधत नाही. शेवटी पुण्याला आणून हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं. एमआरआयमध्ये चीर निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, सहा ते आठ आठवडे पळणं बंद.

"दादा, आता थांबलो तर ग्राउंड जाईल."

"आणि नाही थांबलास तर पाय जाईल. चीर आरपार गेली की महिने मोजत बसशील."

हे बोलणं मला सोपं होतं. पगार माझा चालू आहे, वय त्याचं चाललंय. पण तो थांबला.

आता आपल्यासारख्यांचं. सोमवार ते शुक्रवार खुर्चीत आणि शनिवारी रात्री टर्फवर दोन तास फुटबॉल. यात सगळ्यात आधी जातो घोटा. पाय मुरगळला तर एक्स-रे कधी काढायचा, याचा साधा नियम कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली मांडला. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या मागच्या कडेला किंवा खालच्या टोकाला, अथवा पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मधल्या उंचवट्यावर किंवा आतल्या कमानीवरच्या हाडावर दाबून दुखत असेल, किंवा पडल्यावर आणि नंतरही चार पावलं टाकता येत नसतील, तर फोटो काढा. नसेल तर बहुधा लचकच.

गुडघ्याचं प्रकरण मोठं. कबड्डीत चढाईवरून परतताना पाय जमिनीत रुततो, अंग वळतं आणि आतून 'कट' असा आवाज येतो. दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला आणि नंतर चालताना दगा द्यायला लागला, तर आतला लिगामेंट तुटल्याची शक्यता मोठी. हा लेप लावून बरा होत नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, पण १९५६ चं ऑलिम्पिक त्यांच्या हातून गेलं ते गुडघ्यामुळेच. तेही पोलीस खात्यातच होते.

कुस्तीतल्या पोरांचा कान सुजून फुगला तर मिरवू नका, दोन-चार दिवसांत डॉक्टरकडून आतलं रक्त काढून घ्या, नाहीतर कान कायमचा गोळा होतो. आणि डोक्याला डोकं आपटून भोवळ आली, उलटी झाली, आठवेनासं झालं तर त्या दिवशी खेळ बंद आणि थेट दवाखाना.

उपचार? पहिले दोन-तीन दिवस मालिश नाही, शेक नाही. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, पट्टी, पाय उंचावर. हा फॉर्म्युला १९७८ साली अमेरिकेच्या डॉ. गेब मर्किन यांनी दिला, आणि बर्फ व पूर्ण विश्रांतीनं बरं होणं लांबू शकतं, हेही २०१४ मध्ये त्यांनीच मान्य केलं. म्हणजे बर्फ दुखणं दबवायला. बरं व्हायला लागते ती हळूहळू हालचाल.

आणि मुळात होऊच नये म्हणून? पळणं एकदम दुप्पट करू नका. डांबराऐवजी मातीवर पळा. बूट झिजले की बदला. आठवड्यातून दोनदा पोटऱ्यांचे आणि मांड्यांचे व्यायाम. खेळण्याआधी २० मिनिटं नीट वॉर्मअप, नुसतं हात हलवणं नव्हे.

चुलतभावानं आठ आठवडे सायकल मारली, गोळाफेकीवर मेहनत घेतली आणि लेखीचा अभ्यास केला. आता डॉक्टरांच्या परवानगीनं एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं असं सुरू केलंय. जागा कधी निघतील त्याला माहीत नाही, मलाही नाही. परवा फोनवर म्हणाला, "दादा, गोळा मीटरभर लांब जायला लागलाय."

१५ गुण त्याचेही असतात.