स्वल्पविराम आणि सीमारेषा

कायद्याच्या भाषेत एक स्वल्पविराम गाव इकडचे तिकडे करू शकतो, असे मी अशिलांना वर्षानुवर्षे सांगत आलो. त्याचा प्रत्यय मात्र परवा संगणकासमोर आला.

१९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याचे ८ वे कलम पत्रकासाठी मी मराठीत उतरवले होते. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर मंडळ तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, ते याच कलमाने. नांदेड जिल्हाही गेला. परंतु कंसात अपवाद होता : '(देगलूर तालुक्यातील बिचकुंदा व जुक्कल मंडळे, तसेच मुधोळ तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर मंडळे वगळून)'.

सारा मजकूर एकाच अखंड ओळीत होता. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये 'सेड' ही आज्ञा आहे. तिला शोधायचा नमुना आणि त्याच्या जागी ठेवायचा मजकूर सांगावा लागतो. मी स्वल्पविराम शोधायला लावला आणि त्याच्या जागी स्वल्पविराम व नवी ओळ ठेवली. नव्या ओळीची खूण म्हणजे उलटी तिरपी रेघ आणि 'एन'. शेवटी 'जी' लिहिले; ते नसते तर ओळीतला पहिलाच स्वल्पविराम बदलला असता.

क्षणात यादी तयार झाली आणि मी चपापलो. 'तसेच मुधोळ तालुक्यातील मुधोळ,' ही ओळ एकटी उभी होती. 'वगळून' हा शब्द पुढच्या ओळीवर गेला होता. वाचणाऱ्याला वाटले असते, मुधोळ मुंबई राज्यात गेले. एकही अक्षर न बदलता मी सीमा हलवली होती!

मग काम दोन फेऱ्यांत केले. पहिल्या फेरीत उघडणाऱ्या कंसाआधी आणि मिटणाऱ्या कंसानंतर ओळ तोडली. दुसऱ्या फेरीत कंसाने सुरू होणारी ओळ वगळून उरलेल्या ओळींतील स्वल्पविरामांवर तोड दिली. अपवाद अखंड राहिला. सुदैवाने सेड सांगितल्याखेरीज मूळ फाइलला हात लावत नाही. निकाल केवळ पडद्यावर दाखवते.

सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मराठी बांधवांनो, आपले जुने ठराव, अर्ज, आदेश आता संगणकावर येत आहेत. ते सुटसुटीत अवश्य करा. पण ओळ तोडण्यापूर्वी वाक्य समजून घ्या. यंत्राला चिन्ह दिसते, अर्थ आपल्यालाच जपावा लागतो.