एक टेकू काढला आणि मांडव बसला

वाचक मैत्रिणींनो, ज्या वस्तूचा उपयोग दिसत नाही ती घरातून काढून टाकायची आपल्याला सवय असते. त्या सवयीपायी माझी एक रात्र कशी गेली, ते आज सांगते.

आमच्या बचत गटाचा हिशेब माझ्याकडे आहे. आम्ही चौदाजणी. पुतण्याने आपला जुना संगणक मला दिला आणि त्यात उबंटू घालून दिलं. उबंटू हा लिनक्सचाच एक प्रकार. लिनक्सचा गाभा फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहायला घेतला. त्याला पैसे पडत नाहीत, म्हणून आमच्यासारख्यांना परवडतं.

हळूहळू मी सारा हिशेब त्यातच ठेवू लागले. वहीत फक्त दिवाळीपर्यंतचाच उतरवला होता. चूक माझीच.

एके दुपारी संगणक म्हणाला, जागा कमी आहे. मी आतल्या पॅकेजांची यादी काढली. त्यात ‘इव्होल्यूशन डेटा सर्व्हर’ असं एक नाव दिसलं. टपालाचं आणि पत्त्यांचं काहीतरी असावं. मी कुठे कुणाला ई-मेल लिहिते? काढायला सांगितलं. त्याने नावांची लांबलचक यादी दाखवली आणि विचारलं, काढू का? यादी न वाचताच मी ‘वाय’ दाबलं. वर उरलंसुरलंही झाडून टाकलं.

संध्याकाळी संगणक चालू केला, तर चित्र नाही, बाण नाही. काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं: ‘लॉगिन’. सकाळी गटाची बैठक, आणि तिघींच्या कर्जाचा निर्णय व्हायचा होता. माझ्या पोटात गोळाच आला.

पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, “काकू, घाबरू नका. नाव लिहा, मग पासवर्ड. लिहिताना तो दिसणार नाही, तरी लिहा.” आत गेले. “आता ‘एलएस डॉक्युमेंट्स’ लिहा.” लिहिलं, आणि हिशेबाच्या फाइलचं नाव पडद्यावर उमटलं! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्याने समजावलं. “काकू, कारल्याचा मांडव असतो ना? तुम्ही एक टेकू काढलात. पडद्यावरची चित्रं दाखवणारा ‘नोम शेल’ त्याच टेकूवर उभा होता, म्हणून तोही गेला. तो गेला म्हणून नाव विचारणारं दारही गेलं. वेल मात्र शाबूत आहे. तुमच्या फाइली वेगळ्या जागी असतात, त्यांना हात लागलेला नाही.”

काय काय गेलं याची नोंद संगणक स्वतःच ठेवतो, ॲप्टच्या ‘हिस्टरी’ नावाच्या फाइलीत. ती वाचली, दुपारची माझी करणी वेळेसकट लिहिलेली होती. मोबाइल तारेने जोडून त्याचं इंटरनेट घेतलं. आधी ‘सुडो ॲप्ट अपडेट’, मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल उबंटू-डेस्कटॉप’. हे शेवटचं नाव म्हणजे वाण्याकडे द्यायची अख्ख्या सामानाची यादीच. एक नाव सांगितलं की त्यातलं सगळं येतं. मध्यरात्र उलटल्यावर संगणक बंद करून पुन्हा चालू केला. ओळखीचा पडदा दिसला आणि माझा जीव भांड्यात पडला.

सकाळी बैठकीत मी सारं सांगून टाकलं. कुणी रागावलं नाही. पण ठरलं की दर महिन्याला हिशेब वहीत उतरवायचा आणि त्याची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवायची.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे असा संगणक असेल तर काही काढण्याआधी आज्ञेत ‘सिम्युलेट’ हा पर्याय जोडा. काय काय जाईल ते तो नुसतं सांगतो, काढत काहीच नाही. आणि यादी आली की शेवटच्या नावापर्यंत वाचा. टेकू उपटण्याआधी त्यावर काय चढलंय ते आपण पाहतोच ना? इथेही तसंच पाहायचं.